मार्का

ऐरोलीच्या कॉलेजात चौथ्या मजल्यावरची लॅब.
एकच खिडकी उघडते; तिच्यातून खारफुटी, खाडीचा चिखल
आणि भरती असेल तर थोडं पाणी दिसतं.
बाकीच्या खिडक्या एसीसाठी सील केल्यात.
एसी दिवाळीपासून बंद आहे.

पाचवं सत्र, प्रात्यक्षिक नववं:
तारेतून जाणारी पाकिटं पकडून वाचणे.
शेवगावकर मॅडमनी स्विचच्या एका पोर्टचा आरसा केला,
म्हणाल्या, आपापलं बघा.
आरशाला आपापलं कळत नाही.

पप्पा वाशीच्या मसाला मार्केटात माथाडी.
घरी आले की आधी आम्ही शिंकतो, मग ते हसतात.
पहिल्या वर्षी मी त्यांना राउटर समजावला
तर म्हणाले, म्हणजे आमच्यासारखाच की.
मार्का वाचायचा, गाळा नंबर बघायचा, पाठ द्यायची.
पोत्यात काय आहे ते वासावरून कळतंच,
पण आकडी लागून पोतं उसवलं
तर माल मुठीत घेऊन बघायचा नाही;
अंगठ्याने भोक दाबायचं आणि चालायचं.

त्या दिवशी पोतं उसवलेलंच आलं.
तांडेल काका, आमचे लॅब असिस्टंट,
कोपऱ्यातून जुन्या स्विचमध्ये शिरत होते, टेलनेटने,
बावीस वर्षांच्या सवयीने.
टेलनेट काही झाकत नाही. एका पाकिटात एक अक्षर.
ए गेला, ए परत आला. डी गेला, डी परत आला.
युजरनेमचं तसं असतं, स्विच उलट म्हणून दाखवतो.
पासवर्डला प्रतिध्वनी नसतो.
जे गेला.
यू गेला.
आय. एल. आय.
पोचपावत्या आल्या फक्त, रिकाम्या.
मग दोन, शून्य, एक, चार.

जुईली.
क्रिम्पिंगचे चिमटे ठेवतात त्या कपाटाच्या दाराला, आतून,
दोन वेण्यांची मुलगी चिकटवलेली आहे,
फोटोला इवलासा चंदनी हार.
चिमटा मागायला गेलं की काका दार अर्धंच उघडतात.

मी फिल्टर बदलला. शेजारून रुबीना विचारत होती,
काही मिळालं का गं?
म्हटलं, नाही, डीएनएसच येतंय नुसतं.

पुस्तक स्पष्ट सांगतं:
उघडं पडलेलं गुपित बदलावं, ताबडतोब.
पुस्तकात तांडेल काका नाहीत.

शुक्रवारी, सगळे गेल्यावर, म्हटलं,
काका, टेलनेट बंद करून एसएसएच लावूया? अर्धा तास लागेल.
आणि पासवर्डही... बदलावा लागेल.
त्यांनी विचारलं, कोणी बघितला?
खोटं बोलायची तयारी करून गेले होते. जमलं नाही.
मी, म्हटलं.
काका बराच वेळ एसीच्या डब्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले, तोंड फिरव.

मी खिडकीशी गेले. ओहोटी होती,
चिखलात एक होडी कुशीवर पडली होती.
मागे कीबोर्डचा आवाज. मोजायचं नाही ठरवलं होतं
तरी मोजलं. जुन्यापेक्षा जास्त होती अक्षरं.
नवा पासवर्ड दोनदा टाकावा लागतो.
दुसऱ्यांदा ते अडखळले नाहीत.

आता त्या तारेतून नुसता कचरा जातो,
एकसारखा, न उलगडणारा.

जर्नलमध्ये नवव्या प्रात्यक्षिकाचं चित्र छापून चिकटवायचं असतं.
मी काळ्या मार्करने नऊ ओळी झाकल्या.
मॅडमनी दोन गुण कापले. शेरा: आकृती अपूर्ण.

पप्पांनी ते पान ट्यूबलाइटसमोर धरलं,
मागून काही उमटतंय का बघायला,
काळ्या पट्टीवर अंगठा दाबून पाहिला.
नाही दिसत, म्हणाले.
मग मी शिंकले.