पंचावन्नची खूण

नाकपुडीपाशी नळीवर पंचावन्नचा आकडा आहे,
तो जागेवर आहे ना, एवढं रोज सकाळी बघायचं.
एकतीस वर्षं दापोडीला एसटीच्या वर्कशॉपात
व्हर्नियर धरण्यात गेली यांची.
आरसा घेऊन स्वतःच बघतात,
अंगठा वर करतात: माप बरोबर.

दर दोन तासांनी दोनशे मिली.
नाचणीचं सत्त्व, मुगाचं कढण, चमचाभर पावडर,
मलमलीतून दोनदा गाळून.
एका रात्री एकदाच गाळलं
आणि नळी तुंबली.
कोमट पाण्याने ती सुटेपर्यंत
रुळांवरून तीन मालगाड्या गेल्या.

सिरिंज हातभर उंच धरते मी.
ढकलायचं नाही, आपलं आपण उतरू द्यायचं.
भरवणं म्हणजे घास, बोटं, ओठ.
हे तर नुसतं भरणं झालं,
असं मी आहारतज्ज्ञ बोरावकेबाईंना म्हणाले.
त्या काट्याकडे बघत होत्या.
सत्तेचाळीस पाचशे. घटलं नाही, म्हणाल्या. भरत राहा.

पहिल्याच आठवड्यात पाटीवर लिहिलं होतं यांनी:
तंबाखू मळत जन्मभर नाकाने कांदे सोलले,
आता नाकानेच जेवतो.
आणि हसायला गेले,
तर किरणांनी भाजलेला गळा आतून ओढला.

जिन्यात हेंद्रेकाका विचारतात, जेवले का?
मी हो म्हणते.
आणि तुम्ही? हे कुणी विचारत नाही, बरंच आहे.
माझं जेवण ओट्यापाशी, उभ्याने,
दार लोटून, एग्झॉस्ट लावून,
बाहेर वास जाऊ नये म्हणून.

काल आमटीला फोडणी दिली, लगेच झाकण टाकलं,
तर बाहेर पाटीवर टकटक.
फोडणी ऐकू आली.
आणि खाली, मोठ्या अक्षरात:
ताट इकडे आण.

बसले समोर.
यांचा अर्धा तास टेकून बसायचा चालू होता.
पहिला घास घशात अडकला. माझ्या.
हे बघत होते,
लेथवर नवा पोरगा उभा राहिला की बघायचे तसे,
कुठे चुकतोय ते.
मग यांचे गाल जरा आत गेले,
जबडा हलल्यासारखा झाला.
पाटी बाहीने पुसली:
मीठ?

कमी पडलंय, म्हटलं.

यांनी मान हलवली,
एकतीस वर्षं तेच सांगतोय, अशी.