नकोचा चौकोन

स्क्रँटनमधल्या आमच्या काउंटरवर
एक काचेची पाटी आहे, तळहाताएवढी.
तिच्यावर दोन चौकोन.
फार्मासिस्टशी बोलायचंय. नको.
आणि खाली सहीची रेघ.
लोक रेघ तेवढी बघतात.
पेनाची साखळी आखूड,
म्हणून सगळ्यांच्याच सह्या आडनावाशी येऊन दमतात.

कायद्याचं म्हणणं साधं आहे : विचारा.
औषधाचं नाव, कशासाठी, किती, कधी,
एखादी गोळी चुकली तर काय,
कशाशी त्याचं वैर आहे,
हे सांगायची तयारी दाखवा.
समोरचा नको म्हणाला
तर नको म्हणाल्याची नोंद ठेवा.
परीक्षेसाठी हे कलम मी घोकलं
तळघरातल्या भाड्याच्या खोलीत, ड्रायरच्या घरघरीत,
आणि मनात म्हटलं, नको कोण म्हणेल?
आमच्या शिराळ्यात खोकल्याचं औषध मागितलं
तर रांगेतले तिघे न विचारता सल्ला देत.

इथे डेझरे विचारते कॅशवर,
काही प्रश्न? असं,
पिशवी हवी का, च्या चालीत.
तिची चूक नाही. मागे नऊ माणसं आहेत.

लिओनार्ड विस्नेव्स्की, वय एकोणऐंशी,
चाळीस वर्षं बेकरीच्या भट्टीपुढे.
आज त्यांच्या पिशवीत रक्त पातळ करणारी नवी गोळी,
जर्दाळूच्या रंगाची,
आणि त्याच पिशवीत, गुडघ्यासाठी,
अॅस्पिरिनची मोठी बाटली.
सही झालेली. चौकोन नकोचा.
कायद्यापुरती मी मोकळी होते.

दार आपोआप उघडत होतं
तेवढ्यात मी हाक मारली.

कायद्यात एकांताचीही सोय सांगितली आहे.
आमच्याकडे एकांत म्हणजे
फ्लूची लस टोचायचा पडदा आणि दोन खुर्च्या.
तिथे बसून त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली,
आणि माझ्याआधी त्यांनीच विचारलं,
मी त्या काचेवर कशाची सही करतो?

अक्षरं माझ्यापाशी थांबत नाहीत, म्हणाले,
शाळेतही थांबली नाहीत.
हेलन वाचून दाखवायची, थोरली बहीण.
ती आता मुलीकडे, ओहायोत.

तुम्हाला काही जाणून घ्यायचं नाही, अशी, मी म्हटलं.

असं मी कधी म्हणालो?

शेहेचाळीस वेळा. अकरा वर्षांत.
संगणकात आहे, तारीखवार.
हे मी बोलले नाही.

पिशवीच्या पाठीवर चंद्र काढला : गोळी रात्री, एकच.
हिरडीतून रक्त, काळी शी, डोक्याला मार,
तिन्हींपुढे टेलिफोन काढला, तो
बेडकासारखा दिसत होता. ते हसले.
अॅस्पिरिन मी परत फळीवर ठेवलं.
मग पथ्य. या शब्दाला मला इंग्रजी सापडेना,
म्हणून विचारलं, जेवता काय?
आंबवलेली कोबी, म्हणाले, घरची,
हेलनच्या पद्धतीची. आता तीही बंद?
बंद नाही. रोज सारखीच.
एकदम वाढवायची नाही, एकदम सोडायची नाही.

पडद्याबाहेर तीन फोन लुकलुकत होते,
आमच्या कामाचा काटा लाल झालेला,
डेझरे पडद्याखालून माझे बूट बघत होती.

तीन आठवड्यांनी ते आले.
रक्ताची तपासणी ठीक, कागद मला दिला, वाचा म्हणाले.
मग कोटाच्या खिशातून एक काटा-चमचा काढला,
हातरुमालात गुंडाळलेला,
काउंटरवर ठेवला, पाटीच्या शेजारी,
आणि दोन बोटं दाखवली.
एवढे. दोन भरून. रोज.

डेझरेनं पाटी पुढे सरकवली.
त्यांनी पेन उचललं, थांबले,
माझ्याकडे बघून विचारलं,
कुठला?