सतरावा घाणा

रात्री पावणेतीनला पाषाणची लाइट गेली
तेव्हा भट्टी सहाशे चाळीसवर होती.
खळदकरांनी वहीत तेवढंच लिहिलं, वेळ आणि आकडा,
आणि खाली पेन्सिलीने: पोरगी रडेल.

मी रडले नाही. मूस उघडली.
निळा हवा होता, मोराच्या मानेचा,
कोबाल्ट आणि ॲल्युमिनियम एका घरात नांदले की येतो तो.
निघाला हा, गच्चीच्या टाकीत
मे महिन्यात धरतो तसला.

काल हेच सगळं गुलाबी होतं.
सायट्रिक आम्लात विरघळलेलं, काकवीसारखं दाट,
तापलं, फसफसलं, एकदम पेटलं
आणि उरली इतकी हलकी राख
की मी तिच्याजवळ श्वाससुद्धा बेतानं घेत होते.

क्ष-किरणांखाली दोन्ही भुकट्या ठेवल्या,
सोळावी आणि ही.
शिखरं त्याच जागी, त्याच उंचीची.
जुळ्या बहिणी, यंत्र म्हणालं.
सर चहा ढवळत म्हणाले, मग अडलंय कुठे?

खळदकरांनी कुपी खिडकीशी नेली.
"तुमचा ॲल्युमिनियम आत गेलाच नाही, मॅडम.
दारात चपला काढतोय अजून."
त्यांचे वडील नाना पेठेत पत्र्याच्या पाट्या भाजायचे,
निळ्यावर पांढरी आडनावं.
"हिरवट निघाली पाटी, तर गिऱ्हाईक
न्यायचं गुपचूप, पण चार आणे कमी द्यायचं."

रंगमापकानं चार आणे मोजून दाखवले:
सोळावीचा b उणे अडतीस, हिचा उणे अकरा.
निळेपण आम्ही वजाबाकीत लिहितो.

तरी त्याच फसलेल्या मिश्रणाचा उरलेला थेंब
मी काचपट्टीवर सोडला, मिनिटाला तीन हजार फेऱ्या,
आणि भाजला पुन्हा, लाइटची खात्री करून.
थर केसाच्या चारशेव्या हिश्शाएवढा.
पट्टी तिरकी केली तर जांभळी,
अजून तिरकी, तर हळदीची झाक,
पेट्रोल पंपावरच्या डबक्यासारखी.

"हा रंग तिचा नव्हे," मी सांगितलं, "नुसत्या जाडीचा."
"असेना," खळदकर म्हणाले, आणि पट्टी
बराच वेळ उन्हात फिरवत राहिले,
भट्टीचा भोंगा वाजला तरी.

अठराव्या घाण्याला नऊशे पन्नास गाठले. निळा आला.
तो प्रबंधात गेला, तक्ता चार.

सतराव्याच्या कुपीवर मी लिहिलं होतं: बाद, हिरवट.
आज कपाट आवरताना पाहिलं,
हिरवट खोडलंय,
वर पेन्सिलीने, वळणदार: शेवाळी.
बाद तसंच आहे.