ताडपत्रीवाल्याची चोपडी

हळदीच्या भावांची जुनी चोपडी आहे,
मागची पानं कोरी होती, त्यात लिहितो.
दिवस सोळावा. अक्षांश दक्षिण अकरा, रेखांश पूर्व चौसष्ट.
वारा आग्नेयेचा. त्रिशला बरी आहे.
एवढंच कळतं रविवारी, नव्वद सेकंदांत.
त्यातले दहा तर ‘हॅलो, ऐकू येतंय का’मध्येच जातात.

बाकीचं मी पुढच्या रविवारपर्यंत जुळवत बसतो.

तिचं घर एका अंगाला कललेलं,
आठ दिवस त्याच अंगाला.
शेगडी झोक्यावर, कप मांडीत धरायचा,
झोपायचं तर कापडानं स्वतःला बांधून.
अंघोळ बादलीभर खाऱ्या पाण्यानं,
वर एक तांब्या गोडं, तेही केसांना नाही.
मीठ अंथरुणात, मीठ पापण्यांवर.
आम्ही दिलेलं भडंग चौथ्या दिवशीच सादळलं,
तरी चौघांनी चमच्यानं खाल्लं म्हणाली.

रोज सकाळी बटाटे उलटायचं काम तिच्याकडे.
एकेक हातात घ्यायचा, मऊ पडलेला बाजूला काढायचा,
नाहीतर एक नासका अख्खं पोतं घालवतो.
हे पेठेत वाढलेल्या पोरीला सांगायला नको.
आमच्या घरात कंदमूळ शिजत नाही.
ती खाते का, हे मी विचारलेलं नाही.
नव्वद सेकंदांत काय काय विचारणार.

रात्री बारा ते तीन तिचा पहारा.
इथं तेव्हा दीड वाजलेला असतो.
मला जाग येते. सुमन कूस बदलत म्हणते,
तुमचं कुठलं जहाज बुडायलंय, झोपा.
मी गच्चीवर जातो.
कारखान्याच्या अंगाला ध्रुव असतो, रोजच्या जागेवर.
तिला आता दिसत नाही.
विषुववृत्ताजवळ एका रात्री बघितलं तर नव्हताच,
पंगतीतून न सांगता उठून गेल्यासारखा.

एकदा पहाऱ्यावर असताना उडता मासा येऊन पडला पायाशी.
तिनं हात ओला करून उचलला, सोडून दिला पाण्यात.
बाकीचे हसले, न्याहारी घालवलीस म्हणाले.
हे मी सुमनला दोनदा सांगितलं.

समुद्र मी एकदाच बघितलाय, गणपतीपुळ्याला,
चपला हातात धरून.
मोठं पाणी म्हणजे आम्हाला कृष्णाच.
आयर्विन पुलाखाली फूट मोजायचे
आणि माल वरच्या फळीवर चढवायचा.
त्या पुराच्या साली गणपती पेठेतून रबरी बोट आली,
माझ्या दुकानाची पाटी हाताला लागत होती.
खाली सत्तर हजारांची नवी ताडपत्री, गाळात.
मी रडत होतो.
ही वल्हं मारणाऱ्याचे हात बघत होती.

काल रविवार. दिवस तिसावा.
‘अण्णा, मोठं शीड फाटलं. शिवणीवर. हातभर.’
हॅलोबिलो काही नाही.
मी म्हटलं, आधी गोड्या पाण्यानं पूस,
मिठावर चिकटपट्टी धरत नाही.
दोऱ्याला मेण लाव. सुई तिरकी.
फाटलेल्या काठावर टाका घ्यायचा नाही,
चार बोटं आत जायचं, धड कापडात.
आणि टाके एका रेषेत नकोत, नागमोडी घे,
सरळ घेतलेस तर वारा तिथंच पुन्हा फाडेल.
‘गोडं पाणी मोजून आहे अण्णा.’
मी म्हटलं, माझ्या वाटणीचं...
आणि थांबलो.
माझ्या वाटणीचं कुठलं तिथं.
तेवढ्यात फोन तुटला.

आज सकाळी तासगावचा एकजण आला,
बेदाण्याच्या शेडची ताडपत्री घेऊन. कोपरा फाटलेला.
मी चार बोटं आत सुई घातली,
नागमोडी टाके घेत बसलो, नेहमीच्या दुप्पट वेळ.
तो म्हणाला, काका, आटपा की,
आमच्यात कुठं एवढं वारं सुटतंय.
मी दोऱ्याला पुन्हा मेण लावलं.

दिवस एकतिसावा.
वारा: माहीत नाही. शीड: माहीत नाही.
एक रेघ रिकामी सोडली आहे.