गट क्रमांक

लाँच धक्क्याला लागायच्या आधीच मी पाटी उचलते:
टेबल टेनिसच्या बॅटीवर चिकटवलेला सात.
"गट क्रमांक सात, माझ्यामागे या.
पंचेचाळीस मिनिटं आहेत. भोंगा दोनदा वाजेल.
उशीर झाला तर लाँच थांबत नाही."
थांबते, खरं तर. सारंग सुखदेव माझा चुलतभाऊ.
पण हे वाक्य कंपनीनं पाठ करून दिलंय.

बत्तीस पांढऱ्या टोप्या फळीवरून उतरतात,
एकेक, जपून,
जणू जमीन नवीच बसवलेली आहे.
नवीच आहे ती.
मुरूम टाकून, दोरी लावून आखलेली,
गल्ल्यांना नावं अ, ब, क, ड,
आणि ड गल्लीत आमचं घर, ज्याला
मी कधीच पाहुण्यांना दाखवत नाही.

हे समाजमंदिर. ही टाकी.
इथे लाखोरीची डाळ आणि भात, जेवण तिकिटात धरलंय.
इथे सुके झिंगे, पुडी तीस रुपये,
वास येतो म्हणून कुणी घेत नाही,
एखादा घेतो आणि तीन पिशव्यांत गुंडाळतो.
इथे दशरथभाऊ जाळं विणतात. फोटो विचारून काढा.
दशरथभाऊ सुई थांबवून हसतात,
मोबाइल खाली गेला
की हसूही खाली.

नाशिकचे एक काका विचारतात, मूळ गाव कुठे होतं?
मी हात करते: तिकडे.
तिकडे वैनगंगेचं फुगलेलं पाणी, टेकडीच्या पायथ्यापर्यंत.
"अच्छा," म्हणतात ते, "आणि स्वच्छतागृह?"
तेही तिकडेच. टाकीच्या मागे.

भोंगा एकदा. भोंगा दोनदा.
फळीपाशी उभी राहून मी टोप्या मोजते.
तेहेतीस.
हरवलेला माणूस शोधायचं प्रशिक्षण मिळालं होतं,
जास्तीच्या माणसाचं काय करायचं, ते नव्हतं.
पुन्हा मोजते. तेहेतीस.
शेवटच्या बाकावर, कठड्याला लागून,
नऊवारीवर पांढरी टोपी घालून बसलेली
कौतिका आत्या.

"टोपी कुठून आणली व आत्या?"
"त्या पोट्ट्यानं देल्ली. त्याले गरम होत होतं."
"हे गट सातचं लाँच आहे."
"माह्या गट त दोनशे अकरा होता, पोरी.
अडीच एकर. वरूनच जाते न तुमची बोट?
तुहा मामा गेला तवापासून डोंगा पालथाच पडून हाये.
मी एकडाव बी वरून गेलो नाई."

सुखदेव माझ्याकडे बघतो.
मी वहीत लिहिते: उतरले बत्तीस, चढले बत्तीस.

पाणी मधोमध आलं की माइकवर मी सांगते,
"उजवीकडे बघा, पाणकावळे."
सगळे उजवीकडे होतात, लाँच थोडी कलते.
एकटी आत्या डावीकडे.
टेकडीचा सुळका आणि मोबाइलचा टॉवर
एका रेषेत यायची वाट बघत,
जसे आमचे लोक जाळ्याची जागा धरतात.
रेषा जुळली.
तिनं चपला काढल्या, मांडीवर घेतल्या,
पाय लुगड्याखाली ओढून बसली.
"खाली मातामाय हाये," एवढंच,
आणि तेही कुणाला नाही.

मी पाणकावळ्यांबद्दल जरा जास्त बोलले.
ते पंख पसरून का बसतात,
किती वेळ श्वास धरतात.
ठरलेल्या मजकुरात हे नव्हतं.

पलीकडच्या धक्क्यावर बस उभी होती, इंजिन चालू.
पाहुणे टोप्या परत करत उतरले,
दोघांनी मला शंभर-शंभर दिले.
आत्या सगळ्यात शेवटी.
"आता घरी कशी जाशील? रस्त्यानं सव्वीस किलोमीटर आहे."
"साडेचारची एसटी हाये न."
चपला घातल्या, दोन पावलं गेली, वळली:
"टोपी ठेवतो मी. ऊन लागते."