हद्दीचा रकाना

रजिस्टरात पाचवा रकाना हद्दीचा.
फोन वाजला की मी आधी तेच विचारतो:
डोंगराची अलीकडची बाजू, की पलीकडची?

घणसोलीची बाई म्हणाली,
"बाजू कशाची साहेब, पोरगं खोकतंय,
वाळत घातलेल्या झबल्यांवर राख पडलीय."
मी लिहिलं: गवळीदेवाच्या वर, शीळकडे, ठाणे हद्द.
आणि फोन ठेवला. नियमानं बरोबर होतं.

पहाटे धूर आमच्या खिडकीतून आला,
रजिस्टरावर बसला
रकाना न विचारता.

पलीकडच्या केंद्रात रात्रपाळीला कुणी इम्तियाज बुबेरे असतो.
त्याचा नंबर मी भिंतीवर खडूनं लिहून घेतला,
त्यानं माझा.
साहेबांना नंतर कळलं.

माघ सरता सरता जाळरेषा काढायची ठरली,
दोन्हीकडून, एकाच दिवशी.
त्यांची माणसं शीळकडून चढली,
आमच्या पुढे काशा वाघ, कोयता खांद्यावर.
हद्दीचा दगड त्याला ठाऊक होता,
लहानपणी त्यावर बसून करवंदं खाल्लेली.
दगडापाशी दोन पट्टे जुळेनात,
चार हात गवत मध्ये उभंच.
"हे कुणाचं?" कुणीतरी विचारलं.
काशा बोलला नाही.
वाकला.

यंदाही पेटलं. चैत्रात, भर दुपारी.
इम्तियाजचा फोन आधी आला, धूर नंतर,
तोही थोडा.
पाचवा रकाना त्या दिवशी कोराच राहिला.
तपासणीला आलेल्यानं तिथं
लाल पेनानं गोल काढलाय.