बाग ताणावर असताना

डिसेंबरात आम्ही संत्र्याचं पाणी तोडतो.
दुपारी पानं कान पाडतात,
मोटर गप्प, पाइप उन्हात लोळत पडलेले,
संध्याकाळी हाताला काम उरत नाही.
म्हणून शेवंता म्हणाली, चाल वं,
मिशनात नाताळचं गाणं बसवून राह्यले.

खंडारे सर म्हणजे दवाखान्यातले जुने कंपाउंडर,
चष्म्याची एक काडी दोऱ्याची.
त्यांनी मला एक सूर काढायला लावला,
नाडी पाहावी तसा ऐकला
आणि म्हणाले, आल्टो.
मागे कोणीतरी फिसकन हसलं.
गावात आल्टो एकच, डॉक्टर बोंडेंची,
तीही ढकलल्याशिवाय निघत नाही.

मग बाकीचे शब्द आले, पुडीत बांधून.
टेनरला पोरं टँकर म्हणाली.
बास म्हटलं की सगळेच थांबायचे,
सर पेटीवर थाप मारायचे:
अरे बास म्हणजे पुरे नव्हे, पाया!
पियानो म्हणजे हळू.
किती हळू?
शेजारच्या खाटेवरचा पेशंट आत्ताच झोपलाय, इतकं.

औषध कंपनीच्या जुन्या वहीत
डावीकडे परका शब्द, उजवीकडे आमचा.
रिटार्डांडो: घर जवळ आल्यावर बैल चालतात तसं.
सुखदेव म्हणाला, सर, घर दिसलं का बैल पयतेत.
सर वहीकडे बघत राहिले.
मग ते खोडून वर लिहिलं:
डोक्यावर भरलेलं क्रेट, पुढे पाट.

घरी भाकरी थापताना मी माझी ओळ म्हणायचे.
तोच सूर, तोच, परत तोच,
एक पायरी खाली, मग पुन्हा तोच.
नवरा म्हणाला, हे कायचं गानं?
हे तं सुई अटकल्यावानी.
म्हटलं, हा गाण्याच्या मधला थर आहे.
मंग गानं कुठी हाय?
गाणं वरच्या बाकावर होतं,
पुष्पलता आणि तिच्या दोघी बहिणींकडे.
त्यांची ओळ पोरं शिट्टीवर वाजवत फिरायची.
माझी कोणी उचलली नाही.

एका शब्दापुढे वही कोरी होती.
स्वरावर टोपी, टोपीखाली ठिपका. फर्माटा.
सर म्हणाले, चाळीस वर्षांत याला आपला शब्द सापडला नाही.
इथे मोजायचं नाही.
माझा हात वर आहे तोवर धरून ठेवायचं,
श्वास घ्यायचा तो एकमेकींच्या आडून,
कधी सुटेल हे विचारायचं नाही.

मी म्हटलं, ताण.
माझ्या तोंडून तो तान असाच आला,
आमच्या जिभेला ण जड जातो.
सर म्हणाले, छे, तान वेगळी, शास्त्रीयातली,
गळा पाण्यासारखा धावतो ती.
म्हटलं, ती नाही सर. बागेचा.
पाणी तोडतो तो.
शेजारी म्हणतो सोडा आता, झाड जाईल,
सासरा म्हणतो अजून दोन दिवस.
लवकर सोडला तर नुसती पालवी,
उशीर झाला तर फांद्याच वाळतात.
कॅलेंडर कामाचं नाही,
पान हातात घेऊन पाहावं लागतं.
सरांनी पेन काढलं.
काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

नाताळात तिसऱ्या कडव्याला त्यांचा हात वर गेला.
चार सूर एकावर एक उभे राहिले
आणि माझा मला ऐकूच येईना.
घाबरून मी क्षणभर तोंड मिटलं,
तर लगेच शेवंतानं वळून पाहिलं.

सोळा जानेवारी. रातची लाईन, बारा ते आठ.
सासऱ्यानं पान चुरगाळलं, म्हणाला, सोड.
मी बटन दाबलं.
विहिरीच्या पोटातून मोटर घुमली,
थोडी चढी, थोडी गंजलेली, पण एकाच सुरावर.
त्यावर मी माझी ओळ ठेवून पाहिली.
बसली.
नवरा बांधावर टॉर्च घेऊन उभा.
म्हणाला, आता कसं, गान्यावानी लागते.
वरची ओळ अजून कुठेच नव्हती.
पहिल्या आळ्यात पाणी पोचायला वेळ होता.